पोर्चचा कोबा आणि नवतप्यातला आठवडा : कामाच्या नोंदी

शनिवार, २५ मे २०२४

आज नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यात तापणारे नऊ दिवस, लागला आणि आजच पोर्च फोडायला घेतला. सासूबाई म्हणाल्या, अगं लोक ह्या नऊ दिवसांत दुपारी दाराबाहेर पाय ठेवत नाहीत अन् तू कामं काढून राहिली. पण मिस्त्री भाऊंकडे ह्याच्यानंतरची तारीख थेट जूनच्या शेवटची होती, तोवर मृग लागून गेला असता, आणि पाऊस सुरू झाला की रेतीघाट बंद, मग रेतीचा भाव विचारायची सोय नाही. म्हणून हो म्हटलं.

कारण एकदा नीट लिहून ठेवते म्हणजे पुढे कोणी विचारलं की एवढा खर्च काऊन केला तर दाखवता येईल. नागपुरातल्या आमच्या लेआउटमध्ये सगळी काळी माती. उन्हाळ्यात ती आकसते, हात जाईल अशा भेगा पडतात, पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते. घराचा पाया खोल आहे म्हणून घर जागेवर आहे पण पोर्च नंतर भरावावर केलेला, तो दरवर्षी थोडा थोडा भिंतीच्या बाजूनं बसत गेला आणि लाद्यांचा उतार गेटकडे असायचा तो उलटा दरवाज्याकडे झाला. मागच्या वर्षी २२-२३ सप्टेंबरच्या रात्री जो पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो झाला आणि कॉर्पोरेशन कॉलनी, अंबाझरी लेआउटकडे लोकांच्या घरात पाणी शिरलं, त्या रात्री आमच्याकडे नदी-नाल्याचं काही नव्हतं, फक्त पोर्चवर पडलेलं पाणी होतं, पण तेच सगळं उंबरठ्याशी येऊन थांबलं आणि आम्ही जुन्या चादरी लावून पहाटेपर्यंत जागलो. सासूबाईंची खोली दरवाज्याला लागून आहे. त्यांना त्या रात्री पलंगावरून खाली पाय ठेवता आला नाही, ते माझ्या डोक्यातून गेलंच नाही.

काम सकाळी साडेसहाला सुरू, अकराला बंद. उन्हात कोणालाच राबवायचं नाही हे आधीच ठरवलं होतं. दोन रेजा (मजूर बाया), एक मजूर, मिस्त्री. कोटाच्या लाद्या बऱ्यापैकी सगळ्या निघाल्या, मागच्या अंगणात रचून ठेवल्या, धुण्याच्या दगडाजवळ लावता येतील. खाली पाहिलं तर भिंतीकडे माती आणि लादीच्या मध्ये चक्क पोकळी, बोटं आत जात होती. मिस्त्री म्हणाले, ताई हे तर हवेवर उभं होतं.

संध्याकाळी पूर्ण घरभर धूळ. फक्त स्वयंपाकघर आणि सासूबाईंची खोली पुसली, बाकी तशीच ठेवली, उद्या पुन्हा तेच होणार.

रविवार, २६ मे

आजचा दिवस मोठा. वरची काळी माती फूटभर काढली, त्यात मुरूम भरला. मुरूम एकदम नाही टाकायचा, थर द्यायचा, पाणी मारायचं, धुमसानं ठोकायचं, मग वरचा थर. मजूर दुसऱ्याच थराला घाई करून राहिला होता, मी तिथंच खुर्ची टाकून बसले. ठोकून झाल्यावर टाच दाबून पाहिली, ठसा उमटला नाही तेव्हाच पुढं जा म्हटलं.

मग गिट्टी, आणि कोबा संध्याकाळी पाचनंतर. दुपारी टाकला असता तर थापी फिरवायच्या आधीच वरचं पाणी उडून गेलं असतं. गिट्टीवर आधी पाणी मारून ती थंड करून घेतली. माप एकास दोन, चार, म्हणजे एक सिमेंट, दोन रेती, चार गिट्टी. दहा बाय बाराचा पोर्च, चार इंच जाडी, सिमेंटच्या सात बॅगा लागल्या. पाण्यावरून मिस्त्री भाऊंशी थोडं वाजलं, त्यांना माल पातळ पाहिजे होता, पसरायला सोपा पडतो, पण जास्तीचं पाणी उडून गेलं की मागे बारीक छिद्रं राहतात आणि कोबा कच्चा होतो. बॅगेला साधारण २५ लिटर, त्याच्यावर नाही, असं सांगितलं आणि बादली मोजायला पोरीला उभं केलं. भाऊ थोडे नाराज झाले पण ऐकलं, आणि काम त्यांनी सुंदर केलं हे मला लिहायलाच पाहिजे. पाणसळ लावून सहा फुटाला एक इंच उतार गेटकडे काढला, भिंत आणि कोब्याच्या मध्ये थर्मोकोलची पट्टी ठेवली म्हणजे उद्या माती हलली तरी भिंतीला ओढणार नाही, आणि वरून गुळगुळीत न करता झाडूनं आडव्या रेघा मारल्या. सासूबाईंचा पाय घसरू नये म्हणून.

रेजांना निघताना पन्हं दिलं. त्यातल्या एका मावशीनं जाताना सांगितलं, बाई आता खरं काम तुमचं हाय, पाणी मारणं सोडू नका. रात्री अकराला हात लावून पाहिला, वरून घट्ट झालं होतं, हलका फवारा मारून वर प्लास्टिक टाकलं.

सोमवार, २७ मे

सकाळी प्लास्टिक काढलं, बारदाना अंथरला, भिजवला. आणलेले पोते कमी पडले, कडेनं जुन्या सुती साड्या टाकल्या.

सिमेंटची बॅग पीपीसीची, म्हणजे मिश्र सिमेंटची होती. त्यात वीज केंद्रांतली राख मिसळलेली असते, आपल्या कोराडी-खापरखेड्याला निघते तसलीच. हे सिमेंट सावकाश ताकद धरते म्हणून त्याला पाणीही जास्त दिवस लागते. भारतीय मानक ४५६ मध्ये काँक्रीटला एरवी निदान ७ दिवस सांगितले आहेत, कोरड्या गरम हवेत १०, आणि असं मिश्र सिमेंट असेल तर १४ पर्यंत न्या असं आहे. म्हणजे ९ जूनपर्यंत हा पोर्च ओला राहिला पाहिजे, नागपूरच्या ह्या उन्हात. कॅलेंडरवर खूण करून ठेवली.

आणि आजच कामवाल्या ताईंचा फोन, भाच्याचं लग्न आहे गावाला, आठ दिवस येणार नाही. जा म्हटलं, त्यांनी वर्षभरात सुट्टी मागितलीच कुठे.

दुपारी एकला दहावीचा निकाल. मी ऑफिसमध्ये, पोरगी घरी, साइट उघडेना, शेवटी तिच्या मैत्रिणीच्या भावानं काढून दिला. नागपूर विभाग राज्यात शेवटचा आला म्हणे, ९४.७३ टक्के, पण आमच्या पोट्टीचे मार्क चांगले आले, गणितात तर तिला वाटले त्याहून जास्त. फोनवर ती रडत होती आणि मीही. संध्याकाळी पेढे घेऊन आले तर दीर-जाऊ, शेजारच्या काकू सगळे आलेले, आणि पोर्चमध्ये ओला बारदाना, म्हणून सगळ्यांना मागच्या दारानं, धुण्याच्या दगडावरून. कोणी नाराज नाही झालं. काकूंनी तर येतानाच नळाखालची बादली उचलून पोत्यांवर ओतली आणि मग पेढा घेतला.

मंगळवार, २८ मे

पाण्याचा मेसेज आला. मेन लाइनचं काम आहे, उद्या सकाळपासून परवा संध्याकाळपर्यंत आमच्या भागात नळ नाही. ऑफिसातून येऊन टाका पाहिला, निम्म्याहून खाली. ह्यांना चार तारखेच्या लोकसभेच्या मतमोजणीची ड्युटी आहे, त्याचं ट्रेनिंग, वरून ऑफिसचं काम, रात्री नऊच्या आधी घरी नाहीत.

रात्री जे जे भरता येईल ते सगळं भरलं, ड्रम, बादल्या, कुकर, लोणच्यासाठी घासून ठेवलेली बरणी पण. कैऱ्या कॉटन मार्केटमधून फोडून आणलेल्या पडल्या आहेत. सासूबाई बसल्या बसल्या मीठ-हळद लावते म्हणाल्या, तेवढं झालं.

बुधवार, २९ मे

नळ नाही. बोअरवेल मार्चपासूनच आटली आहे.

काय काय सोडलं ते लिहिते : झाडणं एक वेळ, पुसणं नाही, इस्त्री नाही, भांडी रात्रीची सकाळी एकदमच. जेवायला मुगाची खिचडी, पन्हं, पापड. कपडे फक्त ऑफिसचे आणि सासूबाईंचे. ह्यात मला काही वाईट वाटलं नाही. घर चार दिवस धुळीत राहिलं तर नंतर पुसता येते, कोबा चार दिवस कोरडा राहिला तर ते नंतर भरून येत नाही, सिमेंटची ताकद पाण्यासोबतच धरली जाते आणि तो वेळ गेला की गेला.

पाणी कुठून आणलं तर आरओमधून जे वाया जाते ते एका टबात साठवलं, त्यात क्षार जास्त असतात पण ह्या कोब्यात लोखंड नाही म्हणून चालेल असं मिस्त्री भाऊंनी फोनवर सांगितलं. तांदूळ-डाळ-भाजी धुतलेलं पाणी. साबणाचं पाणी मात्र नाही, ते सरळ संडासाला. आणि दिवसाचं पाणी मारायची वेळ बदलली : भर दुपारी ओतलं तर निम्मं तिथंच उडून जाते, म्हणून पहाटे, सकाळी निघताना, संध्याकाळी, आणि झोपायच्या आधी. दुपारची जबाबदारी पोरीची, पाणी ओतायचं नाही, फक्त पोते उचलून खाली पाहायचं, कुठे पांढरं पडलं तर तेवढ्याच जागी तांब्यानं.

गुरुवार, ३० मे

आज सगळीकडे एकच बातमी, नागपुरात ५६ डिग्री. ऑफिसमध्ये सगळे मोबाइल धरून बसले होते. रामदासपेठेतल्या स्वयंचलित केंद्रानं तो आकडा दाखवला म्हणे, दुसरीकडच्या काही केंद्रांवर चव्वेचाळीसच्या आसपास होतं. इथं आपला आतापर्यंतचा मोठा आकडा २०१३ च्या २३ मेचा, ४७.९, त्या उन्हात आम्ही होतो, म्हणून ५६ वर माझा काही विश्वास बसेना. पण चव्वेचाळीस काय कमी आहे. धरमपेठेतून गाडीवर घरी येताना स्कार्फच्या आतूनही गरम वारा तोंडावर येत होता आणि सिग्नलला हँडल धरवत नव्हतं.

घरी आले आणि आधी पोर्च. दुपारी वाऱ्यानं गेटजवळचा पोत्याचा कोपरा उलटला होता, पोरगी सासूबाईंना जेवायला वाढत होती तेवढ्या वेळात. वीतभर जागा पांढरी फटक, आणि त्यात केसासारखी एक रेघ. खाली बसून नखानं पाहिली, नख अडकत नव्हतं, म्हणजे वरवरची आहे, पाणी उडून कोबा आकसल्याची. पहिला तांब्या ओतला तर चर्रकन आवाज येऊन पाणी आत गेलं, दुसरा ओतला तोही गेला, तिसऱ्याला ते वर थांबलं आणि रंग हळूहळू कडेपासून गडद होत मध्यापर्यंत आला. त्याच्यावर ओली साडी दुहेरी टाकली, कडेला लादीचे तुकडे ठेवले.

उठायला गेले तर गुडघे उठेनात. तिथंच पायरीवर बसून राहिले थोडा वेळ. पोरीनं पाणी आणून दिलं, प्यायचं, आणि म्हणाली आई तू आत जा, मी पाहते.

नळ संध्याकाळी येणार होता, नाही आला. रात्री उशिरा काकूंनी हाक मारली, त्यांच्या दोन घरं सोडून जुनी विहीर आहे, ह्या उन्हातही तिला पाणी आहे, त्यांनी मोटर लावून पाइप आमच्या टाक्यापर्यंत दिला. पाऊण तास पाणी घेतलं. विहिरी बुजवून टाकल्या नाहीत अशी घरं आता आमच्या भागात मोजकी राहिली, ज्यांनी ठेवल्या त्यांचे खरंच उपकार आहेत.

शुक्रवार, ३१ मे

नळ पहाटे चारला आला, आवाजानंच उठले. टाका भरेपर्यंत जागी.

रात्री लाइट गेले होते. डीपीवर लोड जास्त, सगळ्यांचे कूलर-एसी एकदम चालू. पोर्च ओला होता तर गेट उघडं ठेवून सासूबाईंची खाट दारात आतल्या बाजूनं टाकली, ओल्या पोत्यांवरून येणारी हवा खसच्या ताटीसारखी थंड होती, त्यांना लगेच झोप लागली. माझी काही झोप झाली नाही.

ऑफिसात दुपारनंतर डोकं जड, हातपाय दुखून राहिले. ओआरएस घेतलं. घरी आल्यावर ह्यांना स्पष्ट सांगितलं की आजपासून रात्रीचं आणि पहाटेचं पाणी तुमचं, ड्युटी आहे ते कळते मला पण माझीही ड्युटीच आहे, आणि पोर्च माझ्या एकटीचा नाही. ते काही बोलले नाहीत, बनियनवरच पाइप घेऊन बाहेर गेले. मी आठलाच झोपले. जेवण पोरीनं केलं, वरण-भात आणि आलूची भाजी, त्यात सांबार (कोथिंबीर) भरपूर टाकला होता.

शनिवार, १ जून

सुट्टी घेतली नाही, शनिवार अर्धा दिवस असतो. बातमीत आलं की त्या ५६ वाल्या केंद्राच्या सेन्सरमध्येच बिघाड होता, हवामान खात्यानं सांगितलं.

पाण्याचं आता जरा बरं आहे तर संध्याकाळी पद्धत बदलली. कोब्यावर कडेनं चिकणमातीची आळी बांधून आत पाणी भरलं, उताराला आडवी आणखी मध्ये दोन बांधली, नाहीतर सगळं पाणी गेटकडेच जमा होते. असं भरून ठेवलं की पोत्याची काळजी राहत नाही, सकाळ-संध्याकाळ कमी झालेलं भरायचं. आठवड्याच्या सुरुवातीला हे केलं असतं तर पाणी एकदम जास्त लागलं असतं, तेव्हा ते नव्हतंच. पोत्यांचं काम त्या वेळी बरोबर होतं.

डासांसाठी रोज सकाळी आळीतलं पाणी झाडूनं ढवळायचं, हे सासूबाईंनी स्वतःकडे घेतलं. खुर्चीवर बसून लांब दांड्याच्या झाडूनं.

रविवार, २ जून

नवतपा संपला, ऊन तेच.

लोणचं घातलं. फोडींना पाणी सुटलं होतं, मोहरीची डाळ, मेथी, हिंग, तेल गरम करून थंड केलेलं. ह्या वर्षी कुरडया-सरगुंडे काही होणार नाहीत, जाऊबाई देते म्हणाल्या त्यांच्यातले. दुपारी झोपले, चांगली दोन-अडीच तास, कोणी उठवलं नाही.

अकरावीच्या ऑनलाइन फॉर्मची कागदपत्रं काढून फाइल केली. जातीचा दाखला सापडायला वेळ लागला, तोडकामात कपाट सरकवलं तेव्हा मागे पडला होता.

मंगळवार, ४ जून

हे पहाटेच कळमना मार्केटला गेले मतमोजणीसाठी, परत कधी येतील सांगता येत नाही. म्हणून आज पाणी माझ्याकडे आणि ते जड गेलं नाही, भरलेल्या आळीत थोडं ओतायचं एवढंच. कामवाल्या ताई आल्या, येतानाच म्हणाल्या, घर काय करून ठेवलं हो वहिनी, आणि पदर खोचून सुरू झाल्या. त्यांच्यासाठी पेढे ठेवले होते.

दुपारी टीव्हीवर निकाल चालू, सासूबाई तिथं, मी ऑफिसमध्ये. रात्री हे आले तेव्हा साडेअकरा झाले होते. बूट गेटबाहेर काढून कडेकडेनं चालत आत आले.

रविवार, ९ जून

आज माती काढली, कोबा धुतला, दुपारपर्यंत वाळू दिला. परवा मृग लागला, आता कधीही येऊ दे.

पाहणी अशी : रंग एकसारखा राखाडी, फक्त गेटजवळ ती जागा जरा फिकट आहे. तिथली रेघ दिसते पण वाढलेली नाही, भिंगातून पाहिली, तेवढीच आहे. तिथं सिमेंटचं पातळ पाणी ब्रशनं भरायचं मिस्त्री भाऊंनी सांगितलं. नाणं घासून पाहिलं, भुकटी निघत नाही. हातोडीच्या मागच्या बाजूनं सगळीकडे ठोकलं, आवाज भरीव आहे, कुठे पोकळ लागला नाही, भिंतीकडेही नाही.

मग पाइप लावून दरवाज्याशी पाणी सोडलं, उंबरठ्याला लागूनच. सगळं गेटकडे गेलं, रेघांमधून, कुठेही थांबलं नाही. सासूबाई खुर्चीवरून पाहत होत्या, म्हणाल्या अजून सोड, जास्त सोड. टाका भरलेला होता म्हणून मीही सोडलं. मग त्या काठी घेऊन ओल्या कोब्यावरून गेटपर्यंत स्वतः चालत गेल्या आणि परत आल्या.

राहिलेलं काम : थर्मोकोलची पट्टी वरून अर्धा इंच कोरून त्यात डांबर भरायचं, नाहीतर पावसाचं पाणी तिथूनच खाली मातीत जाईल आणि पुन्हा तीच फुगाफुगी, हे ह्याच आठवड्यात. गेटच्या खालच्या पट्टीला गंज आहे, तारेच्या ब्रशनं घासून रेड ऑक्साइड, मग काळा रंग, हे पावसात उघडीप मिळाली की. कोटाच्या लाद्या मागे लावणं दिवाळीच्या आधी. मिस्त्री भाऊंचे उरलेले पैसे आज दिले, आणि त्या दोन्ही रेजांसाठी लोणच्याची एक एक बाटली त्यांच्याच हाती पाठवली.